बैल सोडून माळ नेणारा चोर

आमच्या दावणीला बैल कधी बांधला गेला नाही, कारण आम्हाला दावणच नव्हती. माझे वडील दुसऱ्याच्या घरी सालाने राहत. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडल्या कोरडवाहू भागातलं आमचं गाव. मालकाच्या बैलांचं वैरण-पाणी, शेणघाण, नांगर, गाडी हे सगळं वडिलांकडं. आई खुरपायला जायची. सुगी संपली की घरात सांजेची चूल पेटेलच असं काही नव्हतं. मालकाच्या बैलांना सरकी-पेंड मिळायची. आम्ही भावंडं ती पेंड चोरून चाखायचो, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही.

आम्ही बौद्ध. पोळ्याच्या दिवशी वडील पूजेला हात जोडत नसत. पण बैल मात्र ओढ्यावर नेऊन स्वतः धुवायचे, शिंगं घासायचे, रंग लावायचे. मालक घरातून घुंगरमाळा आणून द्यायचा आणि वडील त्या बैलांच्या गळ्यात बांधायचे. संध्याकाळी माळा काढून परत दिल्या की मालक ओट्यावर बसून प्रत्येक माळेची घुंगरं मोजायचा. वडील खाली अंगणात उभे. मोजणी संपेपर्यंत त्यांनी जायचं नाही. घुंगरू एकही कधी कमी भरलं नाही, पण मोजणी कधी चुकली नाही.

त्याच घरातून मी शिकलो. नगरला वसतिगृहात राहून बी.ए. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पुढे परीक्षा देऊन फौजदार झालो. हे सगळं आधी सांगण्याचं कारण, नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेच विसरलो. घुंगरमाळांची ती एक केस मात्र मनातून जात नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. महामार्गाकडच्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी पोलीस निरीक्षक होतो. पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी हजेरी घेऊन बसलो, तोच ठाणे अंमलदार एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला घेऊन आत आले. अंमलदारांच्या चेहऱ्यावर हसू दाबल्याची खूण होती.

"साहेब, यांच्या गोठ्यात चोरी झालीय."

"किती जनावरं गेली?"

"एकही नाही. बैलाची घुंगरमाळ गेली."

म्हातारा पुढे आला. पांढरं धोतर, डोक्याला पटका, आवाज ठणठणीत. गावात त्यांना सगळे आबा म्हणत, मीही इथे तेच म्हणतो.

"हसू नका साहेब," आबा म्हणाले. "माझ्या पाखऱ्याच्या गळ्यात ती माळ बारमाही असती. तिचा आवाज ऐकत मी झोपतो. परवा राती जाग आली. कशानं आली म्हनाल? आवाज बंद झाला म्हनून आली. उठून बगतो तर बैल हाय, माळ न्हाई."

"बैल किमतीचा?"

"घोडेगावच्या बाजारात उभा केला तर चार दलाल भांडतील असा खिलार हाय."

मी फिर्याद नोंदवून घ्यायला सांगितलं. अंमलदारांनी चोरीचं कलम ३७९ लावलं आणि स्टेशन डायरीला नोंद केली. मला तेव्हा एकच विचार आला, आणि बैलांच्या भागात नोकरी केलेल्या कोणालाही तोच आला असता. जनावर चोरणारा आधी घुंगरं काढतो, नाहीतर अर्धा गाव जागा होतो. म्हणजे ही चोरी नव्हे, चोरीची तयारी. चोराला कशाने तरी मध्येच पळावं लागलं असणार.

पाठोपाठ आसपासच्या गावांतून आणखी तक्रारी आल्या. सगळीकडे तेच. बैल जागेवर, माळ गायब. शेतकऱ्यांनी गोठ्यात बाजा टाकल्या. मी घोडेगावच्या रस्त्यावर नाकाबंदी लावली. बाजाराच्या दिवशी प्रत्येक टेम्पो थांबवून जनावरांच्या पावत्या तपासल्या. दलाल वैतागले. एक जण म्हणाला, "साहेब, आता बैलाचं रेशनकार्ड बी काढाया लावता का?" एवढं करून चोरीचा एक बैल सापडला नाही, कारण एकही बैल चोरीला गेला नव्हता. गुन्ह्याला लाभ लागतो. हजारोंचा बैल हाताशी असताना पितळेची घुंगरं नेणारा चोर मला कळेना. खरं सांगायचं तर त्रासापेक्षा कुतूहलच जास्त वाटत होतं.

खबर आली ती पोस्टातून. पार्सल घेणारे बाबू स्वतः सायकलवरून ठाण्यात आले.

"साहेब, तुम्ही बैलांच्या माळा शोधताय म्हणे. माझ्या काउंटरवर एक पार्सल वाजतंय."

"वाजतंय म्हणजे?"

"हलवलं की छुम छुम करतंय. आणि चाललंय अमेरिकेला."

डाक खात्याला रीतसर पत्र देऊन पार्सल थांबवलं आणि पंचांसमक्ष उघडलं. कापडात गुंडाळलेली घुंगरमाळ. पट्टा जुना, बैलाच्या घामाने काळा पडलेला. आबांना ओळख पटवायला बोलावलं. त्यांनी माळ हातात घेतली, कानाजवळ हलवली आणि मधल्या एका घुंगरावर बोट ठेवलं. "ह्यो दुसऱ्या माळंचा हाय. आमचा फुटला म्हनून मी बसवलेला. जरा घोगरा वाजतो. माझीच माळ."

पार्सल पाठवणाऱ्याचा नाव-पत्ता वरच लिहिलेला होता. तालुक्याच्या बाजारपेठेत एका गाळ्यात कॉम्प्युटर क्लास चालवणारी एक तरुण मुलगी. बी.कॉम. झालेली, लग्न व्हायचं होतं. आई बाजूच्या खोलीत पापड-कुरडया करायची. आमच्याच समाजातली, हे मला आडनावावरून कळलं. ते माझ्या हवालदारांनाही कळलं, आणि दुपारपर्यंत साऱ्या बाजारपेठेला कळलं.

हवालदार आणि मी गाळ्यावर गेलो. दोन कॉम्प्युटर, भिंतीला लावलेली टाइपिंगच्या बोटांची चित्रं, कोपऱ्यात काळ्या मसाल्याचा वास येणाऱ्या पिशव्या. मुलगी उभी राहिली. घाबरलेली होती, पण नजर खाली नव्हती.

"ही माळ तुम्ही पाठवत होता?"

"हो साहेब. पार्सलच्या कागदावर तसं लिहिलंय की. पितळी घुंगरमाळ, वापरलेली."

"अमेरिकेत बैल पाळतात काय?" हवालदारांनी विचारलं.

"बैल नाही पाळत काका. माणसं राहतात. आपल्याकडचीच."

मग तिने सांगितलं ते मला पूर्ण नवीन होतं. तिचा मावसभाऊ अमेरिकेत नोकरीला होता. त्याने तिकडे इंटरनेटवर एक पान तयार केलं होतं. आपल्या भागातून परदेशी जाऊन स्थायिक झालेली माणसं ते पान बघायची आणि गावाकडची काय वस्तू हवी ते ई-मेलने कळवायची. सांडगे, कुरडया, काळा मसाला, घोंगडी, लोखंडी खलबत्ता, पोळ्याच्या मातीच्या बैलजोड्या. भाऊ तिकडे पैसे जमा करायचा आणि इकडे ड्राफ्ट पाठवायचा. ही वस्तू मिळवायची, बांधायची, पोस्टात टाकायची. आज लोक बसल्या जागी जगभरातून काहीही मागवतात. त्या काळात आमच्या तालुक्यात इंटरनेट म्हणजे काय हे माहीत असलेली माणसं एका जीपमध्ये मावली असती.

"दाखवा बघू," मी म्हणालो. तपासाचा भाग होता हे खरं, पण मला बघायचंही होतं.

तिने टेलिफोनची तार एका छोट्या पेटीत घातली आणि नगरचा नंबर लावला. पेटीतून चिरकणं, घरघरणं सुरू झालं. हवालदार दोन पावलं मागे सरले.

"हे रडतंय का काय?"

"जोडणी होतेय काका."

"आमच्या गावच्या बँजोला बी असा सूर लागत न्हाई."

तीन वेळा लाईन तुटली. चौथ्यांदा पडद्यावर अक्षरं उमटली. इंग्रजी लिपीत लिहिलेली मराठी. मुलीने एक पत्र वाचून दाखवलं. पाठवणारी बाई मूळची संगमनेरकडची. तिने लिहिलं होतं, 'ताई, नवी माळ पाठवू नका. नवी नुसती खणखणते. बैलानं घातलेली असली तर बघा. आम्ही दाराची बेल काढून तिथं माळ टांगणार आहोत. आमच्या मैत्रिणीकडं तुम्ही पाठवलेली लावलीय. पोरं शाळेतून आली की वाजते. शेजारचा गोरा येऊन विचारून गेला, तुमची गाय कुठं बांधलीय?'

हवालदार मोठ्यांदा हसले.

"जुन्या माळा तुम्ही आणता कुठून?"

"घोडेगावच्या बाजारात कासरे, गोंडे विकणारा एक दुकानदार आहे, त्याच्याकडून. मी त्याला विचारलं होतं साहेब, या कोणाच्या? तो म्हणाला, ट्रॅक्टर आले, लोकं बैल मोडतायत, साज विकतायत. मला ते खरंच वाटलं. खोटं काय वाटायचं त्यात?"

मी तिचा जबाब घेतला. कायदा साधा होता. माल चोरीचा आहे हे माहीत असून घेतला, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना घेतला, तर कलम ४११. माहीत नसेल तर गुन्हा नाही. माझं मन सांगत होतं की चोरीचा माल घेणारा माणूस वाजणारं पार्सल घेऊन, वर स्वतःचा पत्ता लिहून सरकारी पोस्टात जात नाही. पण मन हा पुरावा नसतो. आणि मी तिला नुसतं सोडून दिलं असतं तर उद्या गाव म्हणालं असतं, साहेबाने आपलं माणूस वाचवलं.

गाव तसंही बोलत होतंच. दुसऱ्या दिवशी तक्रारदार शेतकरी जमाव करून ठाण्यावर आले. त्यांच्यात एक सोसायटीचा माजी चेअरमन होता. त्याचीही माळ गेली होती आणि त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

"तिला आत घ्या साहेब! तिनंच चोर पाळल्यात. कालपतुर आमच्या बैलांचं शेन काढनारे, आज आमच्याच बैलांच्या माळा अमेरिकेला इकत्यात!"

हवालदारांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"माझे वडीलही दुसऱ्याच्या बैलांचं शेण काढायचे," मी म्हणालो. "त्याने माझ्या तपासाला काही अडचण येत नाही. तुमचं पुढे काय म्हणणं आहे ते सांगा."

चेअरमनने बाहेर जाऊन जे करायचं ते केलं. मुलीच्या क्लासला येणारी पोरं दोन दिवसांत बंद झाली. गाळामालकाने तिला सांगितलं, गुन्हा दाखल झाला तर त्याच दिवशी गाळा खाली करायचा. तिची आई ठाण्यात आली, बाकावर बसली आणि एवढंच म्हणाली, "साहेब, पोरीनं शिकून चूक केली का ते तेवढं सांगा." त्याचं उत्तर तपासात सापडायचं होतं.

घोडेगावच्या दुकानदाराला बोलावलं. जाडजूड, गळ्यात सोन्याची साखळी, तोंडात सुपारी.

"माळा कोणी आणून दिल्या?"

"बाजार हाय साहेब. हजार मानसं येत्यात. कोन काय आनतं, नाव कोन इचारतं?"

"चेहरा?"

"पटका बांधला की समदे चेहरे सारकेच."

हा माणूस खोटं बोलत होता. पण तो स्वतःला नव्हे, दुसऱ्याला सांभाळत होता, असं मला वाटलं. स्वतःची कातडी वाचवणारा माणूस घाम पुसतो, पाणी मागतो, शपथा घेतो. हा निवांत सुपारी चघळत होता. त्याच्या लेखी यात चोरी नव्हतीच. हे मला विचित्र वाटलं आणि मी पुन्हा पहिल्या फिर्यादीपाशी आलो.

पंचनामा काढून वाचला. पट्ट्याची गाठ कापलेली नाही, सोडलेली आहे, असं पंचांनी आबांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, कारण गाठीची जुनी दोरी गव्हाणीत सापडली होती. बैलाखालचं शेण तुडवलेलं नाही, म्हणजे बैल बिथरला नव्हता. वाचता वाचता मला वडील आठवले. मालकाचा एक बैल मारका होता. त्याच्या गळ्याला वडिलांखेरीज कोणी हात लावू शकत नसे, खुद्द मालकसुद्धा नाही. वडील म्हणायचे, बैल पाठीवर कोनाचाबी हात चालवून घेतो, गळ्याला फकस्त वैरन घालनाऱ्याचा.

मी हवालदारांना घेऊन आबांच्या वस्तीवर गेलो. भरदुपार होती. आबा बाजेवर बसले होते, त्यांचा धाकटा मुलगा कडबा तोडत होता. थोरला पुण्याला नोकरीत, घरची शेती धाकट्याकडे. गोठ्यात दोन बैल. एक गरीब. दुसरा पाखऱ्या, आम्हाला बघताच त्याने शिंगं खाली घेतली.

"हवालदार," मी म्हणालो, "या बैलाच्या गळ्यात समजा माळ आहे. ती सोडून दाखवा."

हवालदार शेतकरी घरातले. छाती पुढे काढून म्हणाले, "साहेब, बैल म्हंजे आमच्या घरातलं लेकरू." टोपी सारखी करून ते जीभ टाळूला लावत, चुचकारत पुढे गेले. पाखऱ्याने पाठीवरून हात फिरवू दिला. हवालदारांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं आणि हात गळ्याकडे नेला. पुढचं फार झटपट झालं. टोपी गव्हाणीत आणि हवालदार कडब्याच्या गंजीत.

आबा पोट धरून हसले. "अवो जमादार, ते लेकरू न्हवं, आमचा जावई हाय त्यो! त्येच्या गळ्याला दोनच मानसांचा हात चालतो. एक माजा आन दुसरा..."

ते मध्येच थांबले.

धाकट्याचा कोयता कडब्यावर थांबला होता. मग तो पेंढी उचलून गोठ्याच्या मागे निघून गेला. आबांनी त्याच्या पाठीकडे बघितलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जमादारास्नी पानी द्या रं कुनीतरी."

दुसऱ्या दिवशी मी धाकट्याला ठाण्यात बोलावलं. त्याला लॉकअपसमोर बसवलं नाही, माझ्या खोलीत बसवलं, चहा दिला. चौकशीत दरडावण्याने माणूस बोलतो हा समज खरा नाही. दरडावलं की तो तुम्हाला हवं ते बोलतो. मला खरं हवं होतं, म्हणून मी बैलांविषयी बोलत राहिलो. पाखऱ्या कुठून आणला, कोणी वाढवला, कामाला कसा. तो नीट उत्तरं देत होता. मग मी विचारलं, "घुंगरं वाजू नयेत म्हणून काय केलंस?"

"वलं फडकं कोंबलं," तो म्हणाला. आणि मग त्याला कळलं आपण काय म्हणालो.

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"साहेब, मी चोरी न्हाई केली. माळ घरचीच हुती."

"मग फिर्याद?"

"ती आबांनी दिली. मी लई म्हनलं, जाऊ द्या, माळंसाठी कशाला ठान्यात जाता. ऐकत्यात व्हय!"

"विकली म्हणून सरळ सांगायचं."

"कसं सांगू? आमच्यात बैलाचा साज इकत न्हाईत. बैल इकला तरी दावं, कासरा, माळ काढून घरी ठेवायची. साज इकला तर दावन उठती म्हनत्यात. बैल तर औंदा जानारच हायेत, ट्रॅक्टर ठरलाय. आबांस्नी अजून सांगितलं न्हाई. त्यात दुकानवाला म्हनला, जुन्या माळंला गिऱ्हाईक हाय. मी म्हनलं, आबा ऐकायचे न्हाईत. तर त्यो म्हनला, आरं इकली म्हनू नको, चोरीला गेली म्हन. इकली तर पाप घराचं, चोरीला गेली तर पाप चोराचं."

"आणि चोर कोण?"

त्याने मान खाली घातली.

"आणि बाकीच्यांच्या माळा?"

आता त्याला थोडं हसू आलं. "बाजारात त्या दुकानात गेल्तो, तर शेजारच्या गावचा एक वळखीचा पिशवी लपवीत उभा. त्यानं माझ्याकडं बगितलं, मी त्याच्याकडं. दोघंबी काय बोललो न्हाई. पिशवी मातर दोगांची बी वाजली."

पुन्हा दुकानदाराला आणलं. धाकट्याला समोर बघितल्यावर त्याने सुपारी थुंकली. "मग मी काय चूक केली साहेब? चोरीचा माल मी घेतच न्हाई. समदा मालकाच्या घरचाच. पर नावं सांगितली असती तर ह्या नगर जिल्ह्यात मला पुन्हा कुनी गोंडा तरी इकला असता का?"

त्याने एकेक नाव सांगितलं. कुठे मुलगा होता, कुठे पुतण्या. एका ठिकाणी सासूला कळू नये म्हणून सुनेने भावाकरवी माळ पाठवली होती. आणि एकाने तर मध्ये कोणीच ठेवला नव्हता. चेअरमनने स्वतःच्या हाताने स्वतःच्या बैलाची माळ आणून विकली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात येऊन चोरीची फिर्याद दिली होती.

सगळ्या फिर्यादींना एका सकाळी बोलावलं. मुलीलाही बोलावलं, तिच्या आईसह. तिच्याविरुद्ध जिथे बोललं गेलं, तिथेच तिच्या समोर सगळं मांडलं जावं, असं मला वाटलं. मी कोणाचं नाव न घेता सुरुवात केली. माळा कशा गेल्या, कोणी नेल्या, का नेल्या. एकेकाची नजर आपापल्या चपलांवर. चेअरमन मात्र उठून म्हणाला, "साहेब, ह्ये समदं तिला वाचवायचं..."

"चेअरमन," मी म्हणालो, "दुकानदार बाहेर व्हरांड्यात बसलाय. आत बोलावू?"

तो खाली बसला.

मग आबा उठले. धाकटा त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. आबा त्याच्याकडे वळले नाहीत. ते मुलीसमोर जाऊन उभे राहिले.

"पोरी, जमादार कडब्यात पडले तवाच मला उमगलं हुतं. माझ्याच्यानं बोलवलं न्हाई. घरातला चोर पदरात झाकला आन आळ तुज्यावर राहू दिला. तू लेकीवानी हायेस, मनात ठिवू नको."

मुलीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला नाही, रडलीही नाही. फक्त म्हणाली, "आबा, माळ तुमची तुम्हाला परत मिळेल. तिकडं कळवते, माल मिळाला नाही म्हणून."

"तिकडं ती माळ काय करनार हुते?"

तिने सांगितलं. दाराला लावणार, पोरं आली-गेली की वाजणार. शेजारच्या गोऱ्याने गाय कुठे बांधलीय विचारलं, तेही सांगितलं. आबा हसले नाहीत.

कागदोपत्री काम मी असं केलं. शेतकऱ्यांच्या फिर्यादी गैरसमजातून झालेल्या होत्या, त्यांत 'क' समरीचा, म्हणजे तक्रार ना खरी ना खोटी, असा अहवाल कोर्टात पाठवला. माळ कोर्टाच्या हुकमाने आबांना परत मिळाली. चेअरमनला मात्र सोडलं नाही. स्वतः विकलेल्या मालाची चोरी नोंदवून सरकारी यंत्रणा राबवल्याबद्दल कलम १८२ प्रमाणे कारवाईचा अहवाल दिला. त्याला सोडा म्हणून तालुक्यातून दोन-तीन फोन आले. ते मी उचलले आणि तोच अहवाल वाचून दाखवला.

पुढे काही आठवड्यांनी बाजारपेठेतून जीप चालली होती. हवालदारांनी हाताने खूण केली. मुलीच्या गाळ्यासमोर आबा उभे होते, खांद्यावर पिशवी. मी उतरलो. आतल्या बाकांवर क्लासची काही पोरं परत आलेली दिसली.

"बैल गेले साहेब," आबा म्हणाले. "घोडेगावला न्हाई नेले. हिवरे बाजारच्या एका वळखीच्या मानसाला दिले, दोघंबी एकाच दावनीला. माळ काढून घेतली. आता घरात ऐकायला कोन हाय तिला?" मग ते मुलीकडे वळले. "ही त्या बाईला धाड. पर इकत न्हाई बरं का. दिली म्हनून लिव. पैसा घेतलास तर माळ परत नेईन."

"आबा, पोस्टाचा खर्च तरी..."

"त्यो तुमचा तुमी बगा. आन लिव की बैलाचं नाव पाखऱ्या हुतं. घोगरा वाजतो त्यो घुंगरू फुटका न्हाई, बदललेला हाय, न्हाईतर ती बाई तक्रार करंल."

तिने ते तसंच लिहिलं. नंतर त्या भागातल्या बऱ्याच घरांनी हीच वाट धरली. साज विकायचा नाही, द्यायचा. घेणाऱ्यांनी काय पाठवायचं ते त्यांच्या मनावर. त्या बाईने आबांना एक गरम शाल पाठवली. आबा ती उन्हाळ्यातसुद्धा घेऊन बाजारात फिरायचे आणि कोणी विचारलं की सांगायचे, "माळंच्या सासरकडून आली."

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. चोरी कोणी केली हे विचारण्याआधी, त्या वस्तूला हात कोण लावू शकतो हे विचारावं. आणि आळ नेहमी उताराकडे वाहतो. ज्याच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं, त्याच्या दारात तो जाऊन थांबतो. तपास करणाऱ्याने उलट्या दिशेने, चढावरून चालत जाऊन बघावं लागतं.

वडील तेव्हा हयात होते. सुट्टीवर गावी गेलो तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते दारातल्या दगडावर बसून ऐकत होते. हवालदार गंजीत पडले तिथे खूप हसले. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"त्या पोरीसमोर कोनी घुंगरं मोजली का?"

"नाही," मी म्हणालो. "मोजू दिली नाहीत."

त्यांनी मान डोलावली.

त्या मुलीवर गुन्हा दाखल झाला नाही. तिचा क्लास त्याच गाळ्यात चालू राहिला.